नागपुरात डिमसम : पातळ पारी, लाल चटणी आणि सासूबाईंचा चीक

गोकुळपेठवाली

मंडळी, परवा नवऱ्याचा वाढदिवस झाला. आमच्याकडे दरवर्षी वाढदिवस म्हणजे सावजी, त्यात चर्चेला जागा नसते. यंदा लेक अडून बसली. वय पंधरा, सध्या मुक्काम कोरियन मालिकांमध्ये. म्हणे डिमसम खायचे. (डिमसम चिनी असतात, कोरियन नाही, हे तिला कोण सांगणार.) शेवटी रामदासपेठेतल्या एका ठिकाणी गेलो. आम्ही तिघं आणि सासू-सासरे.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, आणि बाहेर जेवायला जाणं म्हणजे पैशाला पाय फुटणं या मताच्या. मेनूकार्ड त्यांनी उघडलंही नाही. 'तुम्ही खा, मी भात खाईन' म्हणाल्या. आम्ही त्यांच्यासाठी व्हेज क्रिस्टल डिमसम मागवले. बांबूची टोपली आली, वेटरने झाकण उचललं, वाफ बाजूला झाली आणि आत सहा पांढरे, ओलसर, काचेसारखे गोळे. पारीतून गाजराचा केशरी आणि बीन्सचा हिरवा रंग दिसत होता. सासूबाईंनी चष्मा वर केला. एका गोळ्याला बोटाने दाबून पाहिलं. मग सारण काढून बाजूला ठेवलं आणि नुसती पारी तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघून राहिलो.

'हा तर कुरडईचा चीक आहे. आणि यात साबुदाणाही आहे, लवचिकपणा उगाच नाही आला.'

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोपताना तेच डोक्यात. खरंच तसं असेल का?

बाकी जेवणाचं थोडक्यात. दुसरी टोपली पहिलीच्या अर्ध्या तासानं आली, कडा वातड, मधे थंड, आणि दोन गोळे कागदाला असे चिकटलेले की उचलताना फाटून सारण खाली. मायक्रोवेव्हमधून काढले असावेत. सांगितल्यावर मॅनेजर म्हणाला, 'मॅडम, असेच असतात.' बाबांनी टॉम यम सूप मागवलं आणि त्यातला गवती चहा, लिंबाची पानं, आल्यासारखे दिसणारे तुकडे, सगळं इमानेइतबारे चावून संपवलं. वर 'चहात टाकायची पात यांनी सुपात कशाला टाकली' हा प्रश्न. बिल बघून मात्र कोणी हसलं नाही.

तर विचारायचंय ते हे : सासूबाई बरोबर आहेत का? आणि मोमो अन् डिमसम यात नेमका फरक काय?

---

तर्री_जास्त_टाका

फरक सोपा आहे ताई. फुटाळ्यावर उभं राहून खाल्लं तर मोमो, एसीत बसून खाल्लं तर डिमसम. बिलात एक शून्य वाढते.

बाकी एप्रिलात वाफवलेलं कायले खाता बाप्पा? बाहेर ४४ अंश, आपणच वाफवून निघून राहिलो.

---

झिरो_माईल

वाफवायला मुंबईला जावं लागतं भाऊ. नागपूरचं ऊन कोरडं, इथं माणूस भाजून निघतो. तंदुरी म्हणा.

---

हक्का_बक्का

धागाकर्तीबाई, आधी सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार कळवा. त्या शंभर टक्के बरोबर आहेत.

मी कोलकात्यात चार वर्षं नोकरीला होतो, तिथे हे वेड लागलं. ज्याला मेनूवर 'क्रिस्टल' म्हणतात तो प्रकार हार गाव या कँटनी पदार्थावरून आलाय. मूळ हार गाव कोळंबीचा. त्याच्या पारीत मैदा नसतो. असतो गव्हाचा स्टार्च, म्हणजे गव्हातला चिवट भाग (ग्लूटेन) धुऊन काढल्यावर उरतो तो पांढरा साका. आता सांगा, आपण कुरडयांसाठी काय करतो? तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळून चोथा काढायचा, गाळलेलं पाणी रात्रभर ठेवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं. खाली बसतो तो चीक. वस्तू तीच.

दुसरा घटक टॅपिओका स्टार्च. टॅपिओका म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते झाड. म्हणजे साबुदाणाही बरोबर! निव्वळ गव्हाच्या स्टार्चची पारी ठिसूळ होते, टॅपिओकाने ती ताणली जाते. यावर उकळतं पाणी ओतून घोटायचं, हातात धरवेल इतपत निवलं की मळायचं. उकडच की ती. शिजल्यावर पारदर्शक दिसते कारण चिवट भाग नसलेला स्टार्च पाणी पिऊन फुलतो आणि उजेड आरपार जाऊ देतो. कुरडईचा चीक शिजत आला की आधी दुधासारखा असतो तो काचेसारखा होतो, बघितलं असेलच.

मोमोची पारी मैद्याची, गार पाण्यात मळलेली, म्हणून ती पांढरीफटक आणि चावायला लागते. तो तिबेटी-नेपाळी पदार्थ. डिमसम हा तर मुळात एक पदार्थच नाही. दक्षिण चीनच्या ग्वांगझू-हाँगकाँग भागात चहासोबत जे छोटे छोटे प्रकार खातात त्या सगळ्यांना मिळून डिमसम म्हणतात. त्यात वाफवलेले येतात, तळलेले येतात, तांदळाच्या पिठाची गुळगुळीत सुरळी येते, अंड्याचा गोड टार्टसुद्धा येतो. 'एक प्लेट डिमसम द्या' म्हणजे 'एक प्लेट फराळ द्या' म्हणण्यासारखं.

---

अनारसा

कुरडईचा चीक!!! मी वाचता वाचता जागेवरून उठले. आईला फोन केला. ती म्हणाली, 'मग एवढे पैसे देऊन बाहेर कशाला खाता, माझ्याकडे उद्या चीक शिजतोय, या.'

वाचनखूण साठवली आहे.

---

पुण्याहून_पाहुणा

पुढच्या आठवड्यात कामासाठी नागपुरात तीन दिवस आहे. एशियन जेवणासाठी कोणीतरी कामठीचं ड्रॅगन पॅलेस सुचवलं. तिथे काय चांगलं मिळतं? आधी टेबल राखून ठेवावं लागतं का?

---

झिरो_माईल

शांतता मिळते. टेबल नाही, मांडी घालून बसावं लागते.

अहो, ते बुद्धविहार आहे. जपानी मदतीनं बांधलेलं, फार सुंदर आहे, जरूर जा. पण जेवून जा.

---

तर्री_जास्त_टाका

😂😂😂 ज्याने सुचवलं त्याला माह्यातर्फे एक प्लेट पाटवडी.

---

पुण्याहून_पाहुणा

माझा मेहुणा आहे. नागपूरचाच. आता लक्षात आलं.

---

झिरो_माईल

विषय मोमोचा निघालाच आहे तर एक सांगतो. नागपूरकर मोमो खायला दार्जिलिंगच्या गप्पा करतात, पण तिबेटी लोकांचं गाव आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. नोर्ग्येलिंग वसाहत, १९७२ पासूनची. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला), म्हणून ती मंडळी अजूनही वसाहतीला 'भंडारा' म्हणतात.

नवेगाव बांधला पक्षी बघायला गेलो होतो तेव्हा वाकडी वाट करून गेलो. धानाची बांधी संपते आणि एकदम रंगीत पताका दिसतात, डोळ्यांचा विश्वास बसत नाही. एका घरी ओळखीनं चहा आणि मोमो मिळाले. सारणात मांस, कांदा, आलं, मीठ. बास. मसाला नाही. चावला की आतून गरम रस ओघळला, हनुवटीवरून शर्टावर. आजीबाई अस्सल झाडीपट्टीच्या मराठीत म्हणाल्या, आधी एक छोटा घास घेऊन रस ओढायचा, मग खायचं. चटणी वाटीत वेगळी, अन् तिनं हात लावला नाही तिला.

तेव्हापासून लाल चटणीत पोहणारे मोमो दिसले की कसंतरीच होते.

---

तर्री_जास्त_टाका

म्हणजे आम्ही चुकीचं खातो म्हणा ना.

साहेब, हे नागपूर आहे. इथं पोह्यावर तर्री टाकतात. पोह्याला कोणी विचारलं नव्हतं. जिथं पोहे सुटले नाही तिथं मोमो कसा सुटंल?

---

हक्का_बक्का

तर्रीसाहेब, भांडण नको पण एक तांत्रिक मुद्दा. मोमोची मैद्याची पारी चटणी सोसते. क्रिस्टलची पारी सोसत नाही. तिचा सगळा खेळ जिभेला लागणाऱ्या गुळगुळीतपणाचा आणि आतल्या सारणाच्या गोडसर चवीचा. ती चटणीत बुडवली की तुम्ही फक्त चटणी खाताय, आणि चटणी तर पावासोबतही खाता आली असती. टोकाला थेंबभर लावा, हवं तर.

आणि जी 'शेजवान' चटणी म्हणून देतात तिचा चीनमधल्या सिचुआनशी नावापुरता संबंध. तिथल्या तिखटात जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी असते, आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. ती आपल्या शेजवानमध्ये कुठेच नसते. तसं तर मंचुरियनचाही मंचुरियाशी संबंध नाही. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली, सोया सॉस त्यांचा. मला मंचुरियन आवडतं, गैरसमज नको. पण ते आपलं जेवण आहे, चिनी म्हणून खाऊ नये.

मी घरी काय करतो सांगतो. भिवापुरी मिरची जाडसर कुटायची, लसूण बारीक, तीळ, थोडं मीठ, आणि वरून कडक तापवलेलं तेल ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तेल लाल होतं. ते थेंबभर लावा.

---

तर्री_जास्त_टाका

म्हणजे तर्रीच की. मग आधी काऊन सांगितलं नाही.

---

सिव्हिल_लाईन्स_सोनचाफा

अजिनोमोटोबद्दल कुणी बोलत नाहीये. आम्ही तर त्यामुळेच बाहेरचं चायनीज बंद केलंय.

---

हक्का_बक्का

ताई, अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या घटकाचं मीठ. तो घटक १९०८ मध्ये जपानमध्ये इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्शातून शोधला. तोच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये नैसर्गिकच असतो. हातगाडीवरच्या चायनीजने त्रास होतो तो बहुतेक दहा वेळा तापवलेल्या तेलाचा. (यावर वेगळा धागा काढा, इथे या विषयाचं काश्मीर होईल.)

---

दूरदेशी_वऱ्हाडीण

धागा उशिरा दिसला. लग्नानंतर सहा वर्षं हाँगकाँगला, कौलून बाजूला राहते. माहेर लक्ष्मीनगर, त्यामुळे न लिहिता राहवेना.

इथे 'डिमसम खायला जाऊ' असं कमी म्हणतात, 'याम चा' म्हणतात, म्हणजे चहा प्यायला जाऊ. चहा आधी ठरतो. बसल्या बसल्या विचारतात कुठला चहा. जुनी माणसं काळाभोर पू-एर घेतात, मला शेवंतीच्या फुलांचा आवडतो. दूध-साखर नाही. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा पहिली किटली वाट्यांत ओतून सगळ्यांनी वाट्या-चॉपस्टिक्स त्यात विसळल्या ते बघून त्यांनीही चहा प्यायच्या ऐवजी विसळायलाच घेतला, आणि दुसरी किटली आली तेव्हा तीही विसळली.

किटली रिकामी झाली की हाक मारायची नाही. झाकण तिरकं करून ठेवायचं, कोणीतरी येऊन गरम पाणी भरून जातं. आणि कोणी तुमच्या वाटीत चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, तोच धन्यवाद. वेष पालटून फिरणाऱ्या बादशहाने नोकराला चहा ओतला, नोकराला उघडपणे नमस्कार करता येईना, म्हणून त्याने बोटांनीच गुडघे टेकले, अशी गोष्ट सांगतात. माझा मुलगा आता नागपूरला आजीने वरण वाढलं तरी बोटं टेकवतो. आजीला वाटतं तो 'बास' म्हणतोय.

एका टोपलीत तीन किंवा चार नग. टोपल्या वाटून घ्यायच्या. ढकलगाड्यांवरून टोपल्या फिरवणारी जागा आता शोधावी लागते, बहुतेक ठिकाणी कागदावर पेन्सिलीने खुणा करून द्यायच्या असतात.

गोकुळपेठवाली, दुसरी टोपली थंड आली याला 'असेच असतात' हे उत्तर नाही. हार गावची पारी थंड झाली की कडक होते, पुन्हा तापवली की फाटते. चांगल्या ठिकाणी बघायचं ते एवढंच : झाकण तुमच्यासमोर उघडतात का आणि वाफ येते का. पारी चॉपस्टिकने उचलल्यावर फाटता कामा नये आणि दाताला चिकटताही कामा नये. चुण्या मोजणारे लोकही आहेत इथे, दहापेक्षा जास्त असल्या की मान डोलावतात. आपल्याकडे मोदकाच्या कळ्या मोजतात तसंच.

---

गोकुळपेठवाली

कळ्यांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'मी मोजल्या होत्या. सहा. त्यातही दोन वेड्यावाकड्या.' 🙏

दूरदेशी ताई, तिथे शाकाहारी माणसाचं कसं होतं?

---

दूरदेशी_वऱ्हाडीण

कठीण. मुळ्याची वडी मिळते, तांदळाचं पीठ आणि मुळा, वाफवून मग तव्यावर खरपूस, अगदी आपली कोथिंबीर वडी वाटावी. मी पहिल्या महिन्यात आनंदाने खाल्ली. नंतर कळलं त्यात सुकट आणि डुकराचं सॉसेज असतं. दिवसभर पाणी पीत बसले.

पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस खात नाहीत. त्या दिवशी शाकाहारी हॉटेलांत रांगा. आपल्या एकादशी-चतुर्थीसारखंच. मशरूम, बांबूचे कोंब, सोयाची साय यांचं सारण. मी पंचांग बघून जेवायला जाते असं मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही, नागपूरला सांगितलं तेव्हा वाटलं.

---

धिवराची_लेक

एक छोटी दुरुस्ती, माझ्या आवडीच्या विषयावर. व्हेज डिमसमच्या सारणात 'वॉटर चेस्टनट' लिहिलेलं असतं आणि वेटर सांगतो 'शिंगाडा'. शिंगाडा नाही तो. आमच्या भंडाऱ्याच्या तलावात होतो तो शिंगाडा म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ, दोन शिंगांचं, शिजवला की पिठूळ. चिनी वॉटर चेस्टनट हा लव्हाळ्याच्या जातीतल्या झाडाचा कंद, चिखलात वाढतो आणि शिजवला तरी कुरकुरीत राहतो. सारणात तो त्या कुरकुरीसाठीच घालतात. डब्यातला मिळतो. नाही मिळाला तर कोवळा कच्चा शिंगाडा बारीक चिरून शेवटी घाला, बरंच जवळ जातं. उकडलेला घातला तर सारणाची खीर होईल.

---

तर्री_जास्त_टाका

मले एक सांगा, ते आत सूप भरलेले असतात ते कसे भरतात? इंजेक्शननं?

---

हक्का_बक्का

ते शांघायकडचे, श्याव लाँग बाव. तर्रीसाहेब, पाया कधी रात्री फ्रीजमध्ये ठेवलाय? सकाळी थिजून वडी होते ना? तसाच कातडी-हाडांचा रस्सा थिजवायचा, बारीक तुकडे करून सारणात मिसळायचा, बंद करायचं आणि वाफवायचं. वाफेत वडीचा पुन्हा रस्सा होतो.

---

तर्री_जास्त_टाका

अबे! म्हणजे सावजी रस्सा थिजवून आत भरला तर?

---

झिरो_माईल

यांना कोणीतरी थांबवा.

---

अनारसा

नका थांबवू. 😋

---

गोकुळपेठवाली

वृत्तांत. आमच्याकडे कुरडयांचा घाट होताच, सासूबाईंनी दोन वाट्या चीक बाजूला काढला. ताटात पसरून गच्चीवर ठेवला. नागपूरचं ऊन, दुपारपर्यंत खडखडीत वाळून तडे गेले. मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केला. साबुदाण्याचं पीठ त्याच्या पाव भाग. उकळतं पाणी ओतून मी घोटलं, सासूबाईंनी मळलं, कारण मला हात लावायची हिंमत झाली नाही. त्यांचे हात चिकाला सरावलेले, फुंकरही मारत नाहीत.

पारी लाटायला गेले तर पोळपाटाला चिकटली. त्यांनी लाटणं बाजूला ठेवून तेलाचा हात लावलेल्या वाटीच्या बुडाने दाबली, झाली. सारण कोबी, गाजर, मशरूम, आणि धिवराची_लेक यांच्या सल्ल्याने कच्चा शिंगाडा घालायचा होता, पण एप्रिलात शिंगाडा कुठला. मक्याचे दाणे घातले. इडलीपात्रात कोबीच्या पानांवर सात मिनिटं, झाकणाला फडकं बांधून, नाहीतर वाफेचं पाणी टपकतं.

चौदा केले. तीन फुटले. रंग हॉटेलसारखा काचेचा नाही आला, थोडा राखाडी. आणि चव किंचित आंबूस, कारण गहू तीन दिवस भिजलेले. बाबांनी पाच खाल्ले आणि म्हणाले, 'कुरडईचा चीक गुळासोबत खायचा सोडून त्यात कोबी कोणी भरला?' लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले, त्यात सासूबाईंचे हात आहेत. कळ्या अकरा.

दूरदेशी ताई, आंबूसपणा कसा घालवायचा? सासूबाई विचारताहेत. त्यांचा चीक अजून दीड वाटी शिल्लक आहे आणि मला आता स्वयंपाकघरात येऊ देत नाहीयेत.

---

दूरदेशी_वऱ्हाडीण

बाजारातला स्टार्च आंबवलेला नसतो, कणीक मळून पाण्यात धुऊन काढतात. घरी तेच करा. घट्ट कणीक मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग गार पाण्यात चोळत राहा. पाणी दुधाळ होईल आणि हातात रबरासारखा गोळा उरेल. ते पाणी गाळून ठेवा, चार-पाच तासांत साका खाली बसतो. उन्हाळा आहे, फ्रीजमध्येच ठेवा. वरचं पाणी दोनदा बदललं तर रंगही उजळेल.

उरलेला रबरी गोळा टाकू नका. तो उकडून, तुकडे करून भाजीत घालतात, इथल्या शाकाहारी हॉटेलांत तेच 'मटण' असतं.

---

तर्री_जास्त_टाका

हे मात्र सासूबाईंना नका सांगू.

---

गोकुळपेठवाली

उशीर झाला. मागे उभ्या राहून वाचत होत्या. कणकेचा डबा काढलाय.